लाँड्रीचा बुजवलेला झरोका

"आधी आईचं खोकल्याचं औषध, मग पाव, शेवटी लाँड्रीतून बाबांचा कोट," जिना उतरता उतरता ताई म्हणाली.

"पाव आधी घेऊ. गरम मिळेल," बोका म्हणाला. हा तिचा धाकटा भाऊ. खाण्याचा विषय निघाला की तो कान टवकारी, म्हणून हे नाव.

"आणि घरी पोचेपर्यंत निम्मा तुझ्या पोटात," शेजारची काडी म्हणाली. अंगाने काडी, जिभेने मिरची.

हिवाळ्याची सुट्टी होती, पण सुट्टीसारखं काही वाटत नव्हतं. आजोबा हॉस्पिटलात होते. आई खोकून खोकून दमली होती. बाबा दोन्हीकडे धावत होते आणि घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. बाहेरही तसंच. आभाळ इतकं दाटलेलं, की दुकानांत भरदुपारी दिवे लागले होते.

औषध झालं, पाव झाला. कोपरा मोडून तिघांनी वाटून खाल्ला. मग तिघं लाँड्रीच्या बोळात शिरली. तिथे भिंतीत एक गोल झरोका होता. आतल्या कोळशाच्या बंबाची ऊब त्यातून बाहेर येई आणि येणारीजाणारी मुलं त्याखाली हात शेकत.

काडीने हात वर धरले. "आज गार कसा?"

झरोक्यावर नवीकोरी फळी ठोकलेली होती.

तिघं पुढच्या बाजूला पळाली. दाराला आतून कडी होती. काच वाफेने पांढरी झाली होती. ताईने काचेला डोळा लावला. एका जागी वाफ ओघळली होती, तिथून लाँड्रीवाल्या मावशी दिसल्या. इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकून त्या बसल्या होत्या.

"मावशी!" तिने काचेवर थापा मारल्या. मावशी हलल्या नाहीत.

वरच्या मजल्यावरचे घरमालक शाल गुंडाळून खाली आले. "काय दंगा आहे? डुलकी लागली असेल तिला."

"काका, झरोका कुणी बंद केला?"

"मी, सकाळीच. धुराने माझे पडदे काळे होतात."

"पण आत कोळसा पेटलाय. धूर कोंडला तर माणूस गुदमरतं. दार फोडू या."

"काचेला हात लावलात तर याद राखा," म्हणत ते दारात आडवे उभे राहिले.

ताईने बोक्याकडे पाहिलं. बोका अगदी साळसूदपणे म्हणाला, "काका, तुमच्या घरातून जिन्यावर पाणी येतंय. नळ चालू राहिला का?"

"अरे देवा, माझा गालिचा!" काका शाल सावरत वर पळाले.

ताईने पायरीवरचा दगड उचलून काचेवर घातला. हात आत घालून कडी काढली, श्वास रोखला आणि दार सताड उघडलं. "काडी, औषधवाल्या काकूंना बोलाव. अँब्युलन्सला फोन करायला सांग."

बोका आणि ताई मावशींना काखेत धरून ओढू लागली. मावशी जड होत्या, हातपाय लुळे पडले होते. उंबऱ्याशी दोघांचं बळ सरलं. तेवढ्यात काकू धावत आल्या आणि तिघांनी मिळून त्यांना बाहेर आणलं. काकूंनी मावशींच्या नाकापाशी हात धरला. मग त्या म्हणाल्या, "आहे. श्वास आहे."

अँब्युलन्समध्ये नाकावर मास्क लावल्यावर मावशींनी डोळे उघडले. डॉक्टर मुलांकडे वळले. "आणखी थोडा उशीर झाला असता, तर मला काही करता आलं नसतं. शाबास तुमची."

घरमालक जिन्यात उभे होते. काकूंनी त्यांच्या हातात पक्कड दिली. सगळ्यांदेखत, एकेक खिळा उपटत, त्यांनी ती फळी काढली. काडीला चांगला टोमणा सुचला होता, पण मावशींचा पांढराफटक चेहरा आठवला आणि तिने तो गिळला.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. ताईच्या मनगटावर काचेचा ओरखडा होता. आईने तो धुतला. मग दोघांना तिने जवळ ओढलं.

"बरं केलंत," ती म्हणाली. "पुन्हा काच फोडायची वेळ आली, तर आधी हाताला काहीतरी गुंडाळायचं. कळलं?"