कवळ्यांच्या भांड्यातली पोवळी

"इथे दात... म्हणजे, मणी चमकवून मिळतात का?"

जुने दागिने दुरुस्त करणाऱ्या त्या चिमुकल्या दुकानात असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. माळ ओवणाऱ्या मुलीने मान वर केली. दारात एक उंच, पुरता गांगरलेला माणूस उभा होता. अंगातला पांढरा कोट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि स्वारीची छत्री बंदच!

तिला सगळी गल्ली भिंगबाई म्हणायची. डोळ्याला सदानकदा भिंग लावलेलं, दुसरं काय म्हणणार? तिलाही ते नाव आवडायचं. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

त्याने रुमाल उलगडला. आत पोवळ्यांची जुनी माळ होती, पण खडूसारखी निस्तेज झालेली.

"हे काय केलंत हो?"

"मी दातांचा डॉक्टर आहे," तो म्हणाला, जणू यात सगळं आलं. "माळ आत्याची. ती आजारपणानंतर बहिणीकडे विश्रांतीला गेलीय. म्हटलं, येईपर्यंत लख्ख करून ठेवू. मग क्लिनिकमध्ये... कवळ्या धुवायचं द्रावण असतं ना..."

"कवळ्यांच्या भांड्यात पोवळी घातलीत?"

"रात्रभर."

भिंगबाईला इतकं हसू आलं, की भिंग मांडीवर पडलं. मग त्याचा चेहरा पाहून ती आवरली.

"अहो, पोवळं म्हणजे दगड नव्हे. समुद्रातल्या इवल्या इवल्या जिवांनी बांधलेलं घर असतं ते. त्याला साधं लिंबूसुद्धा सोसत नाही!"

"हसा तुम्ही. आत्याने मला लहानाचं मोठं केलंय. तिचा ठाम समज आहे, की पोवळं फिकं पडलं की घालणाऱ्याचं काही खरं नाही. आत्ता कुठे दोन घास जेवायला लागलीय. ही माळ पाहिली तर पुन्हा अंथरूण धरेल. पंधरा दिवसांत येतेय ती. तुम्ही यावर लाल रंग चढवून द्या."

"रंग नाही चढवणार. वरचा खराब थर घासून काढू, खालून आपोआप रंग येईल. जरा फिकाच येईल, पण माळेचा स्वतःचा असेल. आणि माझी एक अट आहे. आत्याला खरं सांगायचं."

"ते नाही जमणार."

"मग माळ घेऊन जा. समोरचं दुकान रंग लावून देतं."

तो दारापर्यंत गेला. तिथेच घुटमळला आणि परत आला. "बरं... सांगेन."

"आणि रोज संध्याकाळी मदतीला यायचं. तुमचा हात स्थिर आहे, मला उपयोग होईल."

तो यायला लागला. स्टुलावर अवघडून बसायचा आणि बोटभर चाकावर मणी घासायचा. "दात आहे असं समजा," ती सांगायची. पहिला मणी तुकतुकीत निघाला तेव्हा खाऊ मिळालेल्या पोरासारखा त्याने तो तिला दाखवला. भिंगातून मण्यावरच्या बारीक रेषा बघताना दोघांची डोकी इतकी जवळ आली, की तिला रेषा दिसेनाशा झाल्या.

"समुद्रापलीकडच्या जुन्या गोष्टीत सांगतात," ती घाईने म्हणाली, "एका राक्षसिणीचं मुंडकं उडवलं, तिचं रक्त पाण्यातल्या शेवाळावर पडलं आणि त्याचं पोवळं झालं."

"बाप रे! आणि हे लोक गळ्यात घालतात?"

"गळ्यात काय, बाळाच्या तोंडातसुद्धा द्यायचे! चांदीच्या खुळखुळ्याला पोवळं बसवायचे. दात येताना बाळ ते चावायचं, वर नजरही लागायची नाही."

"म्हणजे तुमचा आणि माझा धंदा एकच की!"

"खबरदार. मी कवळ्या विसळत नाही."

तो मोकळेपणी हसला. तिला ते हसू आवडलं, अगदी मनापासून आवडलं. एका बैठकीत चारच मणी व्हायचे. पाचवा का होत नाही, हे त्याने कधी विचारलं नाही.

आत्या आली त्या दिवशी तो दुकानात येऊन म्हणाला, "सोबत येता? एकट्याने माझी जीभ टाळ्याला चिकटेल."

आत्या खिडकीपाशी बसली होती, वाळलेली पण डोळे लखलखीत. माळ हातात घेतली आणि तिची बोटं थबकली. "फिकी पडली रे..." दुसरा हात छातीकडे गेला.

'उजेडामुळे वाटतंय' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. भिंगबाईने डॉक्टरकडे पाहिलं.

"आत्या, तुला काही झालेलं नाही. गाढव मी आहे," तो म्हणाला, आणि त्याने भांड्यासकट सगळं सांगून टाकलं.

आत्या आधी बघतच राहिली. मग तिला हसण्याची अशी उबळ आली, की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "मेल्या! जगाच्या कवळ्या आणि माझी पोवळी एकाच भांड्यात? आणि मी इथे स्वतःला पोचवायला निघाले होते!" तिने माळ गळ्यात घातली, आरशात पाहिलं आणि मान डोलावली.

"काम छान आहे गं पोरी. पण एक सांग. मागे हीच माळ अशी घासून घेतली होती, दोन दिवसांत मिळाली. तुला पंधरा का लागले?"

डॉक्टरने चमकून वळून पाहिलं. भिंगबाईचे कान तापले. दुसऱ्याला खरं बोलायची अट घालणारी ती, आता कुठे पळणार? आणि पळायचं होतं कुणाला!

"काम दोन दिवसांचंच होतं, आत्या," ती सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली. "मला डॉक्टर तिसऱ्या दिवशीही हवे होते. मग चौथ्या. मग सवयच लागली."

डॉक्टरच्या चेहऱ्यावर हळूहळू इतका आनंद पसरला, की आत्यानेच खिडकीकडे तोंड फिरवलं.

"पण... आता तर माळ झाली," तो कसाबसा म्हणाला. "उद्या काय घेऊन येऊ?"

"काही नको," भिंगबाई म्हणाली. "उद्या नुसते या."