पाखरांच्या वीस काठ्या

"उद्या सकाळी औषध मारणार म्हंजे मारणार," म्हणत अप्पा फवारणीचा पंप धुवायला बसले.

त्यांची लेक पंचशीला हिने पंपाचा दांडाच धरला. येळवसेच्या, म्हणजे रानातल्या पूजेच्या सणाच्या, सुट्टीला ती होस्टेलवरून कालच गावी, मुडबीला आली होती. गेल्या खेपेला तिने तुरीत वीस उंच काठ्या रोवल्या होत्या, प्रत्येकीला आडवी काडी बांधून, पाखरांना बसायला. अळी तूर खाते आणि कोतवाल पक्षी अळी खातो, हे तिने अप्पांना पटवलं होतं. आता शेंगांना भोकंच भोकं पडली होती आणि काठी एकही जाग्यावर नव्हती.

"सरपणाला नेल्या आसतील कुणी," अप्पा म्हणाले.

"औषधानं अळीसंगं कोतवाल बी मरतील, मधमाश्या बी. मला आजचा दिवस द्या, अप्पा."

"दिला. सांजंपर्यंत."

शेजारच्या ग्यानबांची नात मंजुश्री आणि गावातला दोस्त बसवप्रभु लगेच हजर झाले. बांधापलीकडे मल्लप्पाअण्णांनीही पंचशीलाचं बघून तुरीत तशाच काठ्या रोवल्या होत्या आणि त्या शाबूत होत्या. तिघांनी दोन्हीकडची दहा-दहा झाडं चादरीवर हलवली. तिकडे अळ्या पडल्या सहा, इकडे चौऱ्याहत्तर.

"बी तेच, माती तीच," पंचशीला म्हणाली. "फरक निस्ता काठ्यांचा."

"चौऱ्याहत्तर मोजून मला भूक लागली," बसवप्रभु म्हणाला.

"तुला अळ्या बघून बी भूक लागते व्हय?" मंजुश्रीने टोमणा मारला.

ऊन चढलं तशी तिघं ग्यानबांच्या कोपीत शिरली. येळवसेच्या पूजेसाठी त्यांनी दहा दिवस आधीच ही कडब्याची खोप उभी केली होती. बसवप्रभु आडवा झाला आणि वर बघतच राहिला.

"ह्या काठीवर पाखराची शीट कशी काय? वरून तर कडबा हाय."

पंचशीला ताडकन उठली. आडव्या काड्यांना तिनेच बांधलेली निळी सुतळी होती! तिने काठ्या मोजल्या. बरोब्बर वीस भरल्या.

मंजुश्रीचा चेहरा पडला, पण तिनेच आजोबांना बोलावून आणलं.

"व्हय, म्याच उपटल्या," ग्यानबा म्हणाले. "पाखरं शेंगा खातेत. आन कोपीला काठ्या लागतेतच की."

पंचशीलाने वाद घातला नाही. "आज्जा, तासभर मल्लप्पाअण्णांच्या बांधावर बसा," एवढंच म्हणाली.

ग्यानबा बसले. कोतवाल काठीवरून झेपावायचा आणि परतताना चोचीत अळी असायची, शेंग एकदाही नाही. तासाभराने म्हातारा उठला आणि सणाच्या तोंडावर स्वतःची कोप स्वतःच्या हातांनी मोडू लागला. दिवस मावळायच्या आत वीसही काठ्या तुरीत उभ्या राहिल्या.

अप्पांनी आणखी तीन दिवस दिले. पोरांनी रोज सकाळी झाडं हलवून अळ्या वेचल्या, बाकीच्या अळ्या पाखरांनी टिपल्या. येळवसेच्या सकाळी दहा झाडांखाली निघाल्या फक्त नऊ. अप्पांनी पंप माळ्यावर टाकला आणि लेकीची पाठ थोपटली. पंचशीलाचा आनंद गगनात मावेना.

ग्यानबांच्या रानात कोपीऐवजी कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून पूजा झाली. जेवणाची पंगत मात्र उन्हात बसली.

"कोप कामून मोडली म्हणं?" एका पाहुण्याने कुरकुर केली.

"काठ्या पाखरांच्या होत्या, म्या चोरल्या होत्या," ग्यानबा सगळ्यांदेखत म्हणाले. मग आंबिलीचं मडकं उचलून ते मोठ्यांना ओलांडत पंचशीलापाशी आले आणि मानाचा पहिला पेला त्यांनी तिच्या हातात दिला.