पाळणाघराचं पाणी

"आधी बसा तरी," वहिनी म्हणाल्या.

"बसायला वेळ नाही हो," असं म्हणत ती बसली आणि लगेच उठली. मोबाइल पालथा ठेवला, पुन्हा उलटून पाहिला. नवऱ्याचा निरोप होता : परत एकदा झालं, पण पाणी पितेय.

वहिनी शर्टाला बटण लावत होत्या. ज्यांचा शर्ट ते, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, अंगाभोवती चादर गुंडाळून कोपऱ्यात बसले होते. हरवलेली माणसं, खोट्या सह्या, रातोरात पळालेले भाडेकरू असं काय काय वहिनी शोधून काढत, आणि दीर त्यांच्यामागे हिंडत. त्यामुळे त्या सगळ्यांच्याच वहिनी झाल्या होत्या आणि ते सगळ्यांचे भावोजी.

"कोण आजारी आहे?" वहिनींनी विचारलं.

"माझी मुलगी. आणि तिच्या पाळणाघरातली निम्मी मुलं. एकाला तर सलाइन लावलंय." तिने श्वास घेतला. "मी आरोग्य खात्यात रोगसर्वेक्षण पथकाची पर्यवेक्षिका आहे. कुठल्या गल्लीत ताप वाढतोय, कुठे जुलाब सुरू झालेत, यावर नजर ठेवायची आणि कारण सापडलं की ते बंद करायचं, हेच आमचं काम. माझा संशय गल्लीच्या टाकीवर आहे. पाळणाघराच्या नळाचं पाणी आम्ही तपासायला पाठवलं. आज रिपोर्ट आला. एकदम स्वच्छ!"

"मग टाकी चांगली असेल," चादरीतून भावोजी म्हणाले.

"माझा नमुने घेणारा मुलगा शपथेवर सांगतोय की त्याने भरलेलं पाणी गढूळ होतं. प्रयोगशाळेत उरलेलं पाणी मी स्वतः पाहिलं. काचेसारखं नितळ. बाटली तीच, चिठ्ठी त्याच्याच अक्षरातली. आतलं पाणी कुणीतरी बदललंय, वहिनी."

"साहेब काय म्हणतात?"

"म्हणतात, पोरगा तिथे गेलाच नाही, कुठल्यातरी नळावर बाटली भरून मोकळा झाला. संध्याकाळी त्याला कामावरून काढून घरी पाठवणार आहेत. आणि टाकी चालूच. मी वाद घातला तर म्हणाले, तुमची पोरगी तिथे जाते म्हणून तुम्हाला टाकीत भूत दिसतंय." तिने मोबाइल पुन्हा उलटून पाहिला. "दुसरा नमुना पाठवला तरी रिपोर्ट यायला वेळ लागतो. तोवर सगळी गल्ली तेच पाणी पिणार."

वहिनींनी दातांनी दोरा तोडला. "भावोजी, शर्ट घाला."

*

खात्याची जीप खाली उभी होती. ड्रायव्हरकाका केस पिकलेले, मितभाषी गृहस्थ. मागच्या सीटवर नमुन्यांची बर्फपेटी दोरखंडाने करकचून बांधलेली होती. भावोजींनी जागा करायला गाठ सोडू पाहिली, नख मोडलं, बोट तोंडात घातलं.

"नका ओढू," काका आरशातून म्हणाले. "माझी गाठ सुटत नाही. कापावीच लागते."

"रोज बांधता?" वहिनींनी विचारलं.

"हल्ली बांधतो. रस्ते बघताय ना."

"बरं केलंत, काका," ती म्हणाली. एरवी तिच्या तोंडून पथकाला शाबासकी क्वचितच मिळे. पण काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि गिअर टाकला. भावोजी पेटीला खेटून, अर्धे हवेत बसले.

वाटेत तिने त्या दिवसाची हकिकत सांगितली. नमुने घेणाऱ्या मुलाला सगळे थंडोबा म्हणत, कारण बर्फपेटी सदैव त्याच्या खांद्याला. त्याने आधी इतर गल्ल्यांतले नमुने घेतले, शेवटी पाळणाघराचा. मग साखर-मिठाची पाकिटं वाटायला तो गल्लीतच थांबला आणि पेटी काकांनी एकट्याने प्रयोगशाळेत पोचवली.

"पोचवली," काका म्हणाले. "वाटेत कुठे थांबलो नाही."

*

पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. भिंतीला लागून छोट्या गाद्या, खिडकीत वाळत घातलेली दुपटी. रोजचा गलका नव्हता. एकच मूल गुडघ्यांवर रांगत चाकं लावलेल्या खेळण्यातल्या हत्तीमागे लागलं होतं.

पाळणाघरवाल्या मावशी दारातच उभ्या राहिल्या. "आता काय राहिलंय? रिपोर्ट चांगला आलाय ना? मुलं आपापल्या घरचं काहीबाही खातात आणि नाव माझं! तुझ्या पोरीला मी पोटच्या पोरीसारखं सांभाळलं, आणि तूच माझ्या दाराला कुलूप लावायला निघालीस?"

"मावशी, टाकीला लावायचंय, तुमच्या दाराला नाही."

"पाणी नाही म्हणजे दारालाच ना गं!"

"त्या दिवशी पेटी कुठे ठेवली होती?" वहिनींनी मधेच विचारलं.

"ओट्याखाली. तुमचा तो थंडोबा हात धूत होता तेवढा वेळ. आणि हो, मी तिथेच उभी होते. घ्या, चढवा मला फासावर."

भावोजींनी वहिनींना कोपराने ढोसलं. वहिनींनी लक्ष दिलं नाही. इतक्यात थंडोबा आला. तिला पाहताच त्याने चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, पुन्हा सरळ केल्या आणि खाली मान घालून उभा राहिला.

"नमुना कसा घेतोस, दाखव," वहिनी म्हणाल्या.

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने नळाचं तोंड पुसलं, ज्योतीने शेकलं, पाणी थोडा वेळ वाहू दिलं. मग बाटली धरली आणि गळ्याच्या खालीच थांबला.

"भरली नाहीस पूर्ण?" भावोजींनी विचारलं.

"जागा ठेवावी लागते. तपासण्याआधी बाटली हलवतात ना." त्याने बूच लावलं, त्यावर कागदी टोपी चढवली आणि दोऱ्याचा फास टाकला. टोक ओढलं की सुटेल असा. बाटली बर्फात गेली. पाणी आजही किंचित गढूळ होतं.

"पाहिलंत?" तो पुटपुटला. "मी खोटं बोललो नव्हतो, मॅडम."

"मी कधी म्हटलं तू खोटं बोललास?" ती फटकन म्हणाली. तो एक पाऊल मागे सरला.

वहिनी दोघांकडे पाहत होत्या.

*

प्रयोगशाळेतल्या बाई जाड चष्म्याच्या आणि त्याहून जाड आवाजाच्या होत्या.

"त्या पेटीचं काही विचारू नका! बाकीच्या बाटल्या हात गारठेल इतक्या थंड, आणि पाळणाघराची कोमट. दोरा एका ओढीत सुटतो एरवी. त्या दिवशी कात्री घ्यावी लागली. वर काठोकाठ भरलेली. हलवायला जागा नाही, थोडं पाणी ओतून टाकलं तेव्हा कुठे काम सुरू झालं."

"कोमट नमुना तुम्ही घेतलात?" तिचा आवाज चढला. "नियम काय आहे? परत पाठवायचा!"

बाईंनी चष्मा काढला. "मागे पाठवला होता. तेव्हा तुम्ही त्या पोराला इथेच, या दारात, सगळ्यांसमोर असं काही फाडून खाल्लंत, की तो जिन्यात बसून रडत होता. मी म्हटलं, जाऊ दे, एखादी बाटली कोमट आली म्हणून काय आभाळ कोसळतंय."

मोबाइल थरथरला. नवरा : झोपलीय. तिने तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला.

"चला," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांना ऑफिसात बोलवा. मावशींनाही."

*

पथकाची खोली अरुंद. भिंतीवर शहराचा नकाशा, त्यावर लाल टाचण्या. पाळणाघराच्या गल्लीत त्यांची दाटी झालेली. मावशी पदराने वारा घेत बसल्या, थंडोबा भिंतीला चिकटून, प्रयोगशाळेच्या बाई घड्याळाकडे बघत, काका दाराशी. साहेबांची खोली वरच्या मजल्यावर. थंडोबाला काढायच्या कागदावर सही करून ते निघायच्या बेतात होते. ती खिडकी आणि टेबल यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होती.

"मी सांगतो," भावोजी म्हणाले. "मावशींचंच काम. पाळणाघर बंद पडेल ही भीती. पेटी ओट्याखाली, मुलगा हात धुतोय, बाई एकट्या. झालं!"

"तुमच्या जिभेला काही हाड?" मावशी कडाडल्या. "बूच कसलं असतं तेसुद्धा मला ठाऊक नाही!"

"भावोजी," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मावशींनी पाणी बदललं असतं, तर ती बाटली बाकीच्यांबरोबर अख्खी वाट बर्फातच असती. मग पोचताना कोमट कशी? म्हणजे पाणी बदललं ते शेवटी, प्रयोगशाळा जवळ आल्यावर किंवा प्रयोगशाळेतच. मावशी तेव्हा आपल्या घरी. थंडोबा गल्लीत पाकिटं वाटत. दोघेही सुटले."

थंडोबाने पहिल्यांदाच मान वर केली.

"मग राहिले मी," प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या.

"तुम्हाला पाणी बदलायची गरजच काय? रिपोर्ट तुमच्याच हातात. आणि बाटलीत जागा ठेवतात हे तुम्हाला झोपेतही ठाऊक. ज्याने ती बाटली पुन्हा भरली, त्याला ते ठाऊक नव्हतं. त्याने आपण घरी भरतो तशी भरली. काठोकाठ. आणि दोरा बांधला आपल्या सवयीने, कात्रीवाचून सुटणार नाही असा. आज भावोजींचं नख अशाच एका गाठीवर मोडलं."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. काका हलले नाहीत.

"काका," वहिनींचा आवाज मऊ झाला, "पेटी तुम्ही हल्ली बांधायला लागलात. रस्ते तर पूर्वीपासून तसेच आहेत. एकदा उलटल्याशिवाय कुणी पेटी इतकी करकचून बांधत नाही."

काकांनी टोपी काढून हातात घेतली. "प्रयोगशाळेच्या वळणावर कुत्रं आडवं आलं. ब्रेक मारला. पेटी घसरली. पाळणाघराची बाटली शेवटची, म्हणून सगळ्यात वर. बुचावरची कागदी टोपी फाटली, बूच निघालं, पाणी सांडलं."

"परत जायचं होतं ना!" ती ओरडली. "फोन करायचा! पुन्हा नमुना घेतला असता! काका, मुलं..."

"कुणाला करायचा फोन, मॅडम?"

ती नकाशाकडे वळली.

"तुम्हाला? आधीच्या वेळी नमुना परत आला, तेव्हा या पोराला तुम्ही काय काय बोललात ते मी जीपमधून ऐकलं. याच्या आईला दोन घास मिळतात ते याच्याच जिवावर. मला वाटलं, एका बाटलीने काय होतंय? माझ्याजवळ घरची पाण्याची बाटली होती, तीच ओतली. कमी भरली तर पकडली जाईल म्हणून पूर्ण भरली. खिशातला कागद कापून टोपी केली." त्यांनी हातातली टोपी दुमडली. "त्या एका बाटलीवर टाकी ठरणार आहे हे मला कुणी सांगितलंच नाही. आणि आज याचीच नोकरी जातेय म्हटल्यावर... सांगणार होतो. सकाळपासून सांगतोच आहे मनातल्या मनात."

"घरचं पाणी म्हणजे?" भावोजींनी विचारलं.

"उकळून गार केलेलं. मॅडमनीच सांगितलंय, सगळ्यांनी उकळून प्या."

भावोजींना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात दडवलं. "म्हणजे सबंध शहरातला सगळ्यात शुद्ध नमुना!"

कुणी हसलं नाही. ती नकाशासमोर उभी होती. आपला आवाज जिन्यातून जीपपर्यंत पोचतो, हे तिला माहीत नव्हतं. घरी मुलीने पाणी सांडलं तर ती कशी दचकून आधी आईच्या तोंडाकडे पाहते, ते तिला आठवलं. तो विचार तिने बाजूला सारला, कारण आत्ता त्याला वेळ नव्हता.

ती जिना चढून गेली. वरून साहेबांचा चढलेला आणि तिचा खालचा आवाज येत राहिला. "नमुना वाटेत सांडला होता. रिपोर्ट त्या टाकीचा नाहीच... हो, माझ्याच पथकात... माणसं भीतीने गप्प बसली, आणि ती भीती माझी होती, साहेब. ते लेखी देते. आधी टाकी बंद करायच्या कागदावर सही करा."

ती सही झालेला कागद घेऊन खाली आली. "टाकी बंद. टँकर निघालाय. मावशी, घरातलं भरलेलं सगळं पाणी ओतून टाका. काका, जीप काढा."

"मी चालवू?" काकांनी विचारलं.

"मग कोण, भावोजी चालवणार?"

जीप गल्लीकडे निघाली. मागे थंडोबा चुळबुळत होता. थोड्या वेळाने तो पुढे वाकला.

"मॅडम, एक सांगायचं होतं."

"सांग."

"पाकिटं वाटताना... विहिरीशेजारचं निळ्या दाराचं घर. बंद होतं. पुन्हा जायला जमलं नाही, आणि मी भेट झाली म्हणून सांगितलं. त्यांच्याकडे तान्हं बाळ आहे."

शब्द तिच्या ओठांवर आले, सगळे धारदार आणि तयार. आरशात काकांचे डोळे तिच्यावर होते. तिने खिडकीची काच खाली केली, वारा तोंडावर घेतला.

"बरं झालं बोललास," ती म्हणाली. "काका, आधी निळ्या दाराकडे. जरा भरभर."