सहा मिनिटांची शांतता

तिसऱ्या शस्त्रक्रियागृहात शर्वरी घोडकेने स्पिरिटचा दिवा पेटवला, तेव्हा सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मिरजेबाहेरच्या माळावर बांधलेलं ते दोनशे खाटांचं रुग्णालय चार दिवसांनी सुरू व्हायचं होतं आणि त्याआधी अग्निपरीक्षकाचा दाखला लागत होता. शर्वरीने बावीस वर्षांत तीनशेवर रुग्णालयं तपासली होती. इतर परीक्षक बाहेर उभे राहून पडद्यावरचे आकडे उतरवून घेत. शर्वरी मात्र नियमावलीतल्या आठव्या कलमावर अडून बसायची : परीक्षकाने ज्वाला स्वतःच्या डोळ्यांनी विझताना पाहावी.

"मॅडम, आजवर कुणी आत थांबलेलं नाही," अभियंता निमकर दारात उभा राहून म्हणाला होता. ही 'शमक' यंत्रणा त्याचीच. देशातल्या एकेचाळीस रुग्णालयांत ती बसली होती.

"आत धोका आहे का?"

"छे! हवेत प्राणवायू एकवीस टक्के असतो. शमक आधी दारं बंद करतो आणि नायट्रोजन सोडून प्राणवायू पंधरा टक्क्यांवर आणतो. पंधरा टक्क्यांत ज्वाला जगत नाही, माणूस मात्र आरामात जगतो. हिमालयात लोक राहतातच की."

"मग मी राहते."

भूल देणारे डॉक्टर इम्तियाज मुजावर आपलं नवं भूलयंत्र तपासायला आत आले होते, तेही थांबले. "मलाही बघू दे. उद्या टेबलावर पेशंट असताना हे सुरू झालं तर मला काय काय होतं ते ठाऊक हवं."

दिव्यावर शर्वरीने कापसाचा बोळा धरला. धूर वर गेला. चौथ्या सेकंदाला दोन्ही दारांवर पोलादी पत्रे सरकले आणि छतातून सूं असा आवाज सुरू झाला. दिव्याची ज्योत आधी निळी झाली, मग वातीपासून सुटून हवेत तरंगल्यासारखी दिसली आणि चाळिसाव्या सेकंदाला नाहीशी झाली. शर्वरीने वेळ लिहून घेतली. इतकी सुरेख चाचणी तिने आजवर पाहिली नव्हती.

"आता सहा मिनिटं," इंटरकॉमवर निमकरचा आवाज आला. "सलग सहा मिनिटं ज्वलन आढळलं नाही की दारं आपोआप उघडतील."

सहा मिनिटं झाली. दहा झाली. भिंतीवरच्या फलकावर लाल अक्षरं तशीच होती : ज्वलन चालू.

शर्वरीने दिवा उचलून पाहिला, वात बोटांनी चिमटली. कापसाचा बोळा तिने पाण्यात बुडवला. डॉक्टरांनी कचऱ्याची टोपली, टेबलाखालची जागा, तारांचे खोके सगळं हाताने चाचपलं. गरम असं काही लागेना.

साडेअकराला छतातला सूं आवाज पुन्हा सुरू झाला आणि फलकावरचा पंधराचा आकडा चौदा झाला.

"निमकर, हे काय आहे?"

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. मग निमकर म्हणाला, "आत काहीतरी धुमसतंय मॅडम. ज्वाला नसली तरी गादीच्या पोटात, तारेच्या वेष्टनात आग तासन्‌तास धुमसते. अशी आग पंधरा टक्क्यांतही तग धरते. म्हणून दर दहा मिनिटांनी शमक प्राणवायू एकेक टक्का उतरवतो."

"कुठपर्यंत?"

"आग विझेपर्यंत."

डॉक्टर मुजावर इंटरकॉमजवळ आले. "निमकरसाहेब, बारा टक्क्यांवर आमची डोकी चालेनाशी होतील. दहावर आम्ही पडू. सहावर सगळं संपेल. दार उघडा."

"ते माझ्या हातात नाही, डॉक्टर. मागे आगींत घाबरलेल्या नातेवाइकांनी दारं उघडली, हवा आत गेली आणि अख्खे मजले पेटले. म्हणून बाहेरून उघडायची सोयच ठेवली नाही. पत्रे कापायला माणसं बोलावली आहेत. पण दुहेरी पोलाद आहे, पाच तास तरी लागतील."

"वीज तोडा," शर्वरी म्हणाली.

"नको! वीज गेली म्हणजे आगीने तारा खाल्ल्या असं शमक धरतो आणि सगळा नायट्रोजन एकदम सोडतो. आणि टाक्या छतात आहेत, पोलादात बंद. कुणाचाच हात पोचत नाही."

शर्वरीने सकाळी भरलेली तपासणीची यादी पुन्हा उघडली. या प्रत्येक तरतुदीवर तिने स्वतः बरोबरची खूण केली होती. बाहेरून दार उघडू नये, बरोबर. वीज गेली तरी काम थांबू नये, बरोबर. आता त्या साऱ्या खुणा तिच्याभोवती भिंतीसारख्या उभ्या राहिल्या होत्या.

डॉक्टरांचा धीर सुटला. ते दारावर मुठी आपटू लागले, मग सलाइनचा खांब उचलून त्यांनी पत्र्यावर घाव घातले. पत्र्याला ओरखडासुद्धा उठला नाही. ते धापा टाकत थांबले, तेव्हा आकडा तेरावर आला होता. शर्वरीचं कपाळ ठणकू लागलं होतं आणि तिला उगाचच हसू येत होतं.

"सतराचा पाढा म्हणा," डॉक्टर म्हणाले.

"सतरा, चौतीस, एक्कावन्न, अडुसष्ट..." पुढे तिला काही केल्या आठवेना.

"पंच्याऐंशी. मला येतोय अजून, पण माझाही जाईल. मी भूलयंत्रामागचा प्राणवायूचा सिलिंडर उघडतो. नळातून येणारा पुरवठा शमकने तोडलाय, पण हा आपला स्वतंत्र आहे. मुखवटा लावून बसू."

"किती पुरेल?"

"निम्माच भरलाय. दोघांनी असा उघड्यावर वापरला तर तासभर."

पाच तासांपुढे एक तास. शर्वरी फलकाकडे बघत राहिली. लाल अक्षरांखाली एक बारीक आकडा होता, ज्वलनाचा वेग दाखवणारा. मघाशी डॉक्टर घाव घालत होते तेव्हा तो नव्वदच्या पुढे गेलेला तिने ओझरता पाहिला होता. आता तो सत्तर होता. साठ झाला. डॉक्टरांची धाप उतरत होती.

"डॉक्टर, जागच्या जागी उड्या मारा."

"काय?"

"मारा हो! दहा-बारा."

डॉक्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिचं डोकं आधीच गेलंय. पण त्यांनी उड्या मारल्या. मिनिटभरात आकडा ऐंशीवर चढला.

शर्वरी इंटरकॉमजवळ गेली. "निमकर, तुमचा ज्वलनवेधी आग ओळखतो कशावरून?"

"हवेवरून. धुरात कॅमेऱ्याला दिसत नाही. जळणारी वस्तू कुठलीही असो, ती प्राणवायू घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि उष्णता देते. त्या तिन्ही गोष्टी दिसल्या की ज्वलन."

"किती बारीक आग ओळखतो?"

"अगदी बारीक. गेल्या वर्षी मीच त्याची संवेदना वीसपट वाढवली. मूठभर कापूस धुमसला तरी—"

"आणि एक माणूस नुसता बसला असेल तर?"

डॉक्टर खाली फरशीवर बसले.

"माणूसही तेच करतो," ते हळू आवाजात म्हणाले. "पोटातलं अन्न प्राणवायूत जाळतो, मंद आचेवर. माझे मास्तर जठराग्नी म्हणायचे. आम्ही हसायचो."

"तुमच्या साऱ्या चाचण्या रिकाम्या खोल्यांत झाल्या, निमकर," शर्वरी म्हणाली. "आग कधीच विझलीय. आता तुमचा शमक आम्हाला विझवतोय."

पलीकडून हुंदक्यासारखा आवाज आला. "मॅडम, मी... पंधराच्या खाली जायची वेळ आलीच तर आत माणूस नसेल असं धरलं होतं. माणसं अर्ध्या मिनिटात बाहेर पडतात असं..."

"ते नंतर. सहा मिनिटं श्वास न सोडता राहता येईल का, डॉक्टर?"

"नाही. पण..." डॉक्टर उठले. उठताना त्यांचा तोल गेला, त्यांनी टेबलाचा आधार घेतला. "श्वास खोलीत न सोडता राहता येईल. भूलयंत्राचा मार्ग बंद वर्तुळासारखा असतो. पेशंटने सोडलेला श्वास चुन्याच्या दाण्यांच्या डब्यातून जातो, चुना कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, लागेल तेवढा प्राणवायू त्यात मिसळतो आणि तोच श्वास पेशंटकडे परत येतो. जादा वायूची झडप बंद केली, तर खोलीला आपला पत्ताच लागणार नाही."

"आपण दोघं आहोत."

"जोडनळी शोधावी लागेल."

कपाट उघडायला त्यांना तीन वेळा प्रयत्न करावा लागला. बोटं निळसर पडली होती आणि किल्ली भोकात बसत नव्हती. प्राणवायूचा आकडा बारावर आला. शर्वरीला खोली लांब लांब जाताना दिसत होती. डॉक्टर कपाटातले डबे खाली टाकत होते आणि त्यांचा आवाज तिला उशीतून आल्यासारखा ऐकू येत होता. शेवटी तीन तोंडांची एक नळी सापडली. डॉक्टरांनी तिला दोन मुखवटे जोडले, पट्टे दोघांच्या डोक्यामागे करकचून आवळले, झडप बंद केली आणि सिलिंडरची कळ किंचितशी फिरवली.

चारपाच श्वासांत शर्वरीच्या डोळ्यांपुढचा अंधार ओसरला. खोली पुन्हा खोलीएवढी झाली. दोघं यंत्राच्या दोन बाजूंना पाठ टेकून बसले. मध्ये काळी रबरी पिशवी फुगत होती, मिटत होती. डॉक्टरांनी श्वास घेतला की तिच्या वाट्याला कमी येई, म्हणून त्यांनी बोट वर-खाली करून ताल धरला आणि ती त्या तालावर श्वास घेऊ लागली.

ज्वलनाचा आकडा चाळीसवर आला. वीस. दहा. मग डॉक्टरांना खोकला आला, मुखवट्याची कड सुटली आणि आकडा एकदम तीसवर उडाला. त्यांनी दोन्ही तळहातांनी मुखवटा चेहऱ्यावर दाबून धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

प्राणवायू अकरा टक्के. आता मुखवटा काढला तर पुन्हा लावायचं त्राण राहणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

ज्वलनाचा आकडा शून्यावर आला. शर्वरीने घड्याळाकडे पाहिलं नाही. ती पिशवीकडे बघत राहिली. फुगली, मिटली. आपण या खोलीच्या लेखी नाहीसे झालो आहोत, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला त्याची इतकी भीती वाटली, की श्वास वेगाने घ्यावासा वाटू लागला. डॉक्टरांचं बोट मात्र संथपणे वर जात होतं, खाली येत होतं.

बारा वाजून आठ मिनिटांनी फलक हिरवा झाला. 'आग विझली,' अशी अक्षरं उमटली आणि पत्रे सरकले.

बाहेर निमकर भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला, पण डॉक्टर त्याच्याकडे न बघता बाकावर जाऊन आडवे झाले. शर्वरीने पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती ही, की निमकरच्या फोनवरून एकेचाळीस रुग्णालयांना निरोप धाडले : शमकच्या सगळ्या दारांच्या खाचांत आत्ताच्या आत्ता लाकडी ठोकळे ठोका.

मग ती म्हणाली, "आजवर खऱ्या आगी किती विझवल्या शमकने?"

"सतरा."

"प्रत्येकीला किती वेळ लागला ते दाखवा."

निमकरने यादी उघडली. सोळा आगी दहा मिनिटांच्या आत विझल्या होत्या. सतराव्या आगीपुढे लिहिलं होतं : एक तास सत्तावीस मिनिटं.

"ही विदर्भातली. जिल्ह्याच्या रुग्णालयातलं जुन्या कागदांचं तळघर," निमकर म्हणाला. "फार चिवट आग होती. मी तिचा आलेख सगळ्या सभांत दाखवतो."

"दाखवा."

पडद्यावर एक रेघ आली. सुरुवातीला उंच टोक होतं, ते मिनिटाच्या आत कोसळलं होतं. ती खरी आग. त्यानंतर रेघ खालच्या पातळीवर चालत होती. मध्येच ती चार-पाच मिनिटं चढे, मग पडून राही. पुन्हा चढे. दर वेळी चढ आधीपेक्षा ठेंगणा होत गेला होता. शर्वरीने मघाशी डॉक्टरांना दारावर घाव घालताना पाहिलं होतं. ही रेघ वाचायला तिला कुणाची मदत लागली नाही. शेवटची पंधरा मिनिटं रेघ जवळजवळ सपाट होती. मग शून्य, आणि त्यापुढे हिरव्या अक्षरांत, 'आग विझली'.

"आत कोण होतं?"

"एक कारकून सापडले होते. धुराने गुदमरले असं अहवालात..." निमकर म्हणू लागला.

शर्वरीने तो अहवाल मागवून घेतला. वर मृताचं नाव आणि वय होतं, खाली तिच्याच खात्याचा शिक्का होता. 'काय जळाले' या रकान्यात कुणीतरी 'जुने कागद' असं लिहिलं होतं. जोडलेल्या छायाचित्रांत मात्र कागदांचे गठ्ठे जसेच्या तसे होते. जळालेला होता तो फक्त भिंतीवरचा एक प्लग.

तिने पेन काढलं, ते दोन शब्द खोडले आणि वर सावकाश अक्षरांत लिहिलं : गुलाब सीताराम तायडे, वय त्रेपन्न.