धुऊन पालथी घालायची वाटी

निमगाव केतकीच्या बाजारात त्या सकाळी भुरभुर पाऊस होता. सत्त्याण्णव साल. बारामतीहून पहिल्या एसटीनं आणलेली, माझ्या हातची मातीची ताटं, वाट्या, पेले मी पोत्यावर मांडले. बोहनीआधी एका तहानलेल्याला ताक द्यायचं, हा माझा नेम. पेला भरून वर पाहिलं, तर समोर तो. हाताला ग्रीस, डोळ्यांत हसू.

ताक त्यानं एका दमात संपवलं, मिशी पुसली... आणि पेला शेजारच्या दगडावर फोडला!

“अहो! हे काय केलंत?”

“काय केलं? मातीचं उष्टं भांडं कुणी माघारी देतं व्हय? आमच्यात रीत न्हाय.”

“झिलई दिलेला पेला तो! धुऊन रोज वापरायचा.”

“रोज?” तो गोंधळला. “मग तुमचा धंदा चालायचा कसा, मॅडम?”

राग आला होता, पण हसूच फुटलं. एक निळसर वाटी मी त्याच्या हातावर ठेवली. “भरपाई हीच. रोज हिच्यात जेवा, धुवा, पालथी घाला.”

वाटी घेताना बोटांना बोटं लागली... मी उगाच पदर सावरला.

त्याचं नाव मल्हार. वेशीजवळ मोटार रिवायंडिंगचं दुकान. मग दर बाजारी तो येऊ लागला. कधी पोत्याची गाठ सोडायला, कधी नुसताच.

“वाटी कशी आहे?” एकदा मी विचारलं.

“एकदम नवी! शोकेसमधी ठिवलीय.”

मी हातातला पेला खाली ठेवला.

“आय म्हनती, मातीचं भांडं एकदाच वापरायचं. पण तुमी घरी आलात... म्हंजे कायमच्या... तर ती ऐकंल.”

हेच ऐकायची वाट पाहत होते. तरी हळूच म्हणाले, “मल्हारराव, असल्याच वाटीत मी देवाला रोज नैवेद्य दाखवते. देवाला चालतं ते तुमच्या घरात चालणार नसेल, तर मी यायची नाही. शोकेससाठी मी भांडी करत नाही — आणि स्वतःही तिथं बसणार नाही.”

“लई हट्टी हाय तुमी.”

“आहेच.”

पुढच्या बाजारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चाकावर माती मधोमध बसेना. मी पुन्हा पुन्हा बसवत राहिले. जप करताना मन भलतीकडंच धावायचं... पण शब्द मागं घ्यावा, असं एकदाही वाटलं नाही.

दिवाळीआधीच्या बाजारात एक बाई येऊन पोत्यासमोर बसल्या. मागं मल्हार, मान खाली.

“म्या फुलाबाई. ह्याची आय.” त्यांनी ओच्यातून वाटी काढली. बुडाला घासल्याचे ओरखडे, काठाला टवका. “शोकेसमधनं काढून ह्यो रोज हिच्यात खायाचा आन् सोताच धुवायचा. माज्यानं बघवंना. येक दिस म्याच घासली. कालवन मुरल्यालं न्हाय, वास न्हाय. मग म्या बी खाल्लं. टवका माज्याच हातनं उडाला, रागावू नगं. घरात समद्यांस्नी ताटं दे.”

“किती देऊ?”

“तुजं बी धरून मोज की गं.”

मी माझं म्हणून पहिलं ताट उचललं. ते खाली ठेवून त्याच वाटीत ताक ओतलं आणि मल्हारपुढं धरलं. त्यानं ते संपवलं, दगडाकडं पाहिलं...

“फोडू?”

“फोडून तर बघा!”

तो हसला. माझ्या तांब्यातल्या पाण्यानं वाटी विसळली आणि माझ्या पोत्यावर, अगदी हळुवार, पालथी घातली.