किल्लेदाराचं मरण

नाट्यगृहात शिरलेला माणूस हल्ली आधी वर बघतो. पूर्वी तो तिकिटावरचा आकडा बघायचा, रांग शोधायचा, मग आपल्या खुर्चीत आधीच फतकल मारून बसलेल्याशी हुज्जत घालायचा. हुज्जत अजून आहे, ती कुठं जायची! पण त्याआधी मान वर जाते. रंगमंचाच्या कमानीवर, बरोबर मधोमध, नारळाएवढा एक दिवा असतो. तो हिरवा दिसला की माणसाचा जीव भांड्यात पडतो आणि मग तो निवांत वेफर्सचा पुडा फोडतो.

त्या दिव्याचं सरकारी नाव लांबलचक आहे. लोक त्याला प्राणदीप म्हणतात. भिंतींत बसवलेल्या यंत्रांतून बारीक लहरी सुटतात आणि सभागृहातल्या प्रत्येक छातीची थरथर लांबूनच टिपतात. सगळी काळजं नीट चालत असली तर दिवा हिरवा. कुठं शंका आली तर पिवळा. एखादं थांबलंच तर लाल, आणि लाल होताक्षणी भोंगा वाजतो, खुर्च्यांखालच्या आणि विंगेतल्या संजीवक पेट्या फटाफट उघडतात. पेटीतला पट्टा शेजारच्यानं फक्त छातीवर बांधायचा. पुढचं पट्टा बघून घेतो. हे दिवे लागल्यापासून सांगलीत नाट्यगृहात, मंगल कार्यालयात, बँकेच्या रांगेत कुणी दगावलेलं नाही. याला वाईट म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

वाईट झालं ते फक्त नाटकवाल्यांचं. तिसऱ्या अंकात नायक कोसळला की सहाशे माना वर जायच्या, दिवा हिरवा दिसायचा आणि सहाशे पाठी आरामात खुर्चीला टेकायच्या. नट जिवंत आहे हे प्रेक्षकाला पूर्वीही ठाऊक असायचंच की! पण आपल्याला ठाऊक असणं वेगळं आणि कुणीतरी डोक्यावर दिवा लावून ते सांगत राहणं वेगळं. सिनेमावाल्यांची तऱ्हाही तीच. जुन्या कृष्णधवल सिनेमात आई खाटेवर शेवटचे श्वास घेत असते आणि कॉलेजची मुलं विचारतात, ‘अरे, पेटी का उघडत नाहीत हे लोक?’ मग एक हसतो, त्याच्यामागे सगळी रांग हसते.

सन्मती आरवाडे यांना या हसण्याचा भयंकर राग होता. सत्तरी ओलांडलेला हा माणूस गेली तीस वर्षं एकाच जुन्या नाटकात किल्लेदार उभा करत आला होता. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांची मुलगी त्रिशला नाटक कंपनीची व्यवस्थापक होती, आणि प्रयोगाला प्रेक्षागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत बसून दिवे, आवाज सगळं तीच सांभाळायची. बापलेकीचं दिवसातून दोनदा भांडण ठरलेलं. त्या रविवारी दुपारच्या प्रयोगाआधी मात्र भांडण मेकअपच्या खोलीतच पेटलं.

“अण्णा, आज लाल नको,” त्रिशला म्हणाली. “पिवळ्यावर थांबा. मी पाया पडते तुमच्या.”

“पिवळा काय कामाचा?” मिशीला गोंद लावत अण्णा म्हणाले. “पिवळा म्हणजे किल्लेदाराला अपचन झालं.”

“थट्टा करू नका.”

“मग तू रडायला लागू नकोस.”

पिवळ्याची गोष्ट अशी होती. वर्षभर प्राणायाम करून अण्णांनी एक अजब विद्या कमावली होती. श्वास कोंडायचा, छाती आतून आवळायची आणि काळजाची गती इतकी उतरवायची की लहरींनाही थरथर सापडू नये. मरणाच्या प्रवेशात त्यांनी हे पहिल्यांदा केलं तेव्हा हिरवा दिवा पिवळा झाला आणि सगळं सभागृह जागच्या जागी गोठलं. त्या दिवसापासून नाटक पुन्हा चालायला लागलं. मिरजेहून, कोल्हापुरातून माणसं यायला लागली.

पण अण्णांचं समाधान झालं नव्हतं. त्यांना लाल हवा होता. लाल झाला तर भोंगा वाजणार, पेट्या उघडणार आणि मरणाचा तमाशा होणार. त्यावर त्यांनी नियमांतून वाट शोधून काढली. नाट्यसवलत नावाची एक सोय होती. दिवा झाकता येत नसे, पण मरणाच्या प्रवेशापुरता भोंगा आणि पेट्या थोपवून धरता येत. त्यासाठी एका जबाबदार माणसानं एक बटण बोटानं दाबून ठेवायचं. बोट उचललं की भोंगा. फार तर दोन मिनिटं. त्यानंतर यंत्र कुणाचंच ऐकत नसे. आणि ते बोट अण्णांनी मुलीचंच मागितलं होतं.

“डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?” त्रिशलानं विचारलं. “मेंदूकडून काळजाला लगाम घालणारी एक नस असते. तुम्ही श्वास कोंडून तीच ओढता. तरण्या माणसाचं घोडं नुसतं हळू होतं. तुमच्या वयात लगाम जास्त ओढला तर ते थांबेल, आणि एक मिनिट थांबलं तर परत येणारा माणूस पूर्वीचाच असेल, याची हमी पट्टासुद्धा देत नाही.”

अण्णांनी आरसा बाजूला ठेवला. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

“त्रिशला, बस इथं. किल्लेदार करतो काय? पोराचा जीव वाचवायला रात्री शत्रूला दार उघडून देतो. आळ घालतो पहारेकऱ्यावर. त्या बिचाऱ्याचा कडेलोट होतो. मग तीन अंक हा माणूस खोटं बोलत राहतो. बायकोशी, पोराशी, देवाशीसुद्धा. शेवटी एक वाक्य खरं बोलतो. ‘दार मी उघडलं.’ ते खरं आहे हे लोकांना कशावरून कळायचं?”

“तुम्ही चांगलं बोलता त्यावरून.”

“खुळी आहेस. तो मरतो त्यावरून. जगला असता तर सकाळी उठून तेही वाक्य फिरवलं असतं त्यानं. मरणानं ते पक्कं होतं. आणि वर हिरवा दिवा चमकत असला तर सहाशे माणसांना काय दिसतं? हा अजून एक खोटं बोलायलाय. माझा किल्लेदार पक्का खोटारडा ठरतो गं! तीस वर्षं केलेला माणूस आहे तो. त्याला मी असा सोडू?”

तिला त्यांचं म्हणणं पटत होतं, हीच तर पंचाईत होती. ते ऐकणार नाहीत आणि आपण बटणाशी बसलो नाही तर दुसऱ्या कुणाला तरी बसवतील, हेही तिला ठाऊक होतं. शेवटी एक खूण ठरली. कोसळताना अण्णा डावा हात काचेच्या खोलीकडे पसरून ठेवतील. दिवा लाल झाल्यावर त्यांनी लगेच अंगठा वाकवायचा. अंगठा वाकला म्हणजे सगळं ठीक. नाही वाकला तर तिनं बोट उचलायचं, क्षणाचाही विचार करायचा नाही.

“कबूल?” तिनं विचारलं.

“कबूल. पण माझी शपथ, घाबरून उचलू नकोस.”

प्रयोग हाउसफुल्ल होता. पहिले दोन अंक अण्णांनी असे काही केले की त्रिशला स्वतःला चार वेळा बजावत राहिली, बाई, तू इथं नाटक बघायला बसलेली नाहीस. तिसरा अंक सुरू झाला. किल्लेदारानं विषाचा पेला रिकामा केला आणि तो किल्ल्याच्या दाराशी येऊन उभा राहिला. समोर शत्रूचा सरदार होता. ते काम मकरंद करायचा. अण्णांच्याच हाताखाली तयार झालेला, चाळिशीतला गुणी नट. त्रिशलानं बटणावर बोट ठेवलं.

“दार त्या पहारेकऱ्यानं नाही उघडलं,” किल्लेदार म्हणाला. आवाज अगदी साधा होता. “मी उघडलं. माझ्या या हातानं.”

मग तो दाराला टेकून खाली घसरत गेला आणि आडवा झाला. डावा हात पसरला. सहाशे माना वर गेल्या. दिवा पिवळा झाला, थरथरला, आणि लाल झाला.

सभागृहात कुणीतरी हुंदका दिला. मग दुसऱ्यानं. मकरंद प्रेताशेजारी गुडघ्यावर बसला. त्याचेही डोळे भरले होते आणि ते नाटकातलं नव्हतं. त्रिशलानं हे वाक्य शेकडो वेळा ऐकलं होतं, हे मरण शेकडो वेळा पाहिलं होतं, पण आज पहिल्यांदाच तिला वाटलं, संपला हा माणूस. किती खोटं बोलला आणि शेवटी कसा खरा झाला! पोराच्या जिवासाठी केलं होतं सगळं, दुसरं काय करणार होता तो? तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. किल्लेदाराचा चेहरा लाल उजेडात शांत दिसत होता आणि तिची नजर त्यावरून हलेना.

“याला दारातच ठेवा,” मकरंद म्हणाला. “येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघू देत, खरं बोललेला माणूस कसा दिसतो ते.”

पडदा पडायच्या आधीची शांतता सुरू झाली. ती लांबवायची, अशी अण्णांचीच शिकवण होती. त्या शांततेत त्रिशलाला आठवलं. अंगठा! अरे देवा, अंगठा कुणी पाहिला?

अंगठा सरळ होता. मघाशी वाकला असेल का? आपण बघितलाच नाही. वाकवून पुन्हा सरळ केला असेल. अण्णा तसं करतील? आता बोट उचललं आणि ते धडधाकट असले तर जन्मभर तोंड बघणार नाहीत. सवलत रद्द होईल, नाटक बंद पडेल, किल्लेदार पुन्हा खोटा ठरेल. घाबरून उचलू नकोस म्हणाले होते. शपथ घातली होती. अण्णा, हलवा ना. एकदाच हलवा.

अंगठा हलला नाही. तिनं बोट उचललं.

भोंगा कर्कश ओरडला. खुर्च्यांखालच्या पेट्या उघडल्या. आणि मग जे झालं ते त्रिशलाला कधी विसरता आलं नाही. लोक चिडले. “ए, बंद करा ते!” कुणीतरी किंचाळलं. “मूर्ख आहेत काय? घाण केली सगळी!” पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसत दोन्ही कानांवर हात ठेवले. सहाशे माणसं लाल दिव्याखाली बसली होती, पायाशी पेट्या उघड्या होत्या, आणि एकही जण उठला नाही. मकरंदसुद्धा काचेच्या खोलीकडे बघून दात-ओठ खात होता.

“मकरंद!” ती माइकवर ओरडली. “अण्णांच्या छातीवर हात ठेव! हात ठेव रे!”

त्यानं वैतागतच हात ठेवला. मग त्याचा चेहरा उतरला आणि तो विंगेतल्या पेटीकडे धावत सुटला.

अण्णा वाचले. पट्ट्यानं काळीज पुन्हा चालू केलं, पण उशीर झाला होता. डावी बाजू लुळी पडली आणि बोलणं जड झालं. पुन्हा उभं राहून काम करायचं तर नावच काढायला नको. कंपनीच्या फोनवर मात्र लोक एकच विचारत होते, ‘किल्लेदाराचा पुढचा प्रयोग कधी?’

अण्णा बोलू लागले तेव्हा त्रिशला खाटेजवळ स्टूल ओढून बसली होती. सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण तिला राहवेना.

“अण्णा, मला उशीर झाला,” ती म्हणाली. “लाल झाल्यावर लगेच अंगठा बघायचा होता. मी बघितला नाही. सगळे रडत होते आणि मीही रडत बसले. माझ्यामुळं झालं हे.”

अण्णा रागावतील म्हणून ती मान खाली घालून बसली होती. पण त्यांनी उजवा हात कसाबसा सरकवून तिची हनुवटी वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. पहिल्या प्रयोगानंतर नवखा नट विंगेत दिसेल त्या माणसाकडे जसा आशेनं बघतो, तसे ते बघत होते.

“खरं सांग,” एकेक शब्द जुळवत अण्णांनी विचारलं, “तू रडत होतीस ती कुणासाठी? किल्लेदारासाठी, की माझ्यासाठी?”