पंचविशीची दालचिनी

छत्रीची काडी मारेनच्या सायकलच्या पुढच्या चाकात घुसली आणि चाक जागीच थांबलं. दोन्ही पाय वेळेत जमिनीला टेकले म्हणून ती पडली नाही. छत्रीचा मालक मात्र ओल्या फरशीवरून घसरत आला आणि तोल सावरायला तिच्याच सायकलचं हँडल धरून उभा राहिला.

"लागलं का?" त्याने विचारलं.

"मला नाही. छत्रीला लागलंय."

लाल छत्री वाऱ्याने पार उलटी झाली होती. मारेन वाकून चाकाच्या आऱ्यांतून काडी सोडवू लागली. पावसाची भुरभुर चालूच होती.

"ओडेन्सच्या वाऱ्यात छत्री घेऊन फिरणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाहीतर आशावादी," ती म्हणाली. "तू कोण?"

"मी... नर्सिंगचा विद्यार्थी. म्हणजे आशावादीच म्हण."

ती हसली. तो हसला नाही. मोडकी छत्री जिवंत प्राण्यासारखी दोन्ही हातांत धरून तो तिच्या काड्या तपासत होता. मारेनला वाटलं, विचित्र आहे. मग वाटलं, डोळे बरे आहेत.

दोघंही एकाच ठिकाणी निघाली होती आणि दोघांनाही उशीर झाला होता. रुग्णालयं आणि नगरपालिका आपल्या खऱ्या अडचणी विद्यार्थ्यांपुढे मांडतात आणि विद्यार्थी महिनाभरात त्यांवर उपाय शोधतात, अशी ती स्पर्धा होती. अभियंत्याने परिचारक जोडीदार निवडायचा, हा स्पर्धेचा नियम. ही दोघं सभागृहात पोचेपर्यंत सगळ्यांच्या जोड्या लागून गेल्या होत्या. उरली होती अभियांत्रिकीची मारेन, नर्सिंगचा तो आणि भिंतीवर कोणीच न घेतलेली एक अडचण. ती होती पायमोज्यांची.

"एस्बेन," त्याने हात पुढे केला.

"मारेन. मोजे? खरंच?"

"सगळे कर्करोगाच्या मागे लागलेत. मोजे कोणाला नकोत," एस्बेन म्हणाला. "पण या शहरात रोज सकाळी किती म्हातारी माणसं पलंगाच्या काठावर बसून कोणीतरी येऊन मोजे चढवायची वाट बघतात, ठाऊक आहे? पायांना सूज, म्हणून घट्ट मोजे. घट्ट, म्हणून स्वतःला चढवता येत नाहीत. मी नगरपालिकेच्या घरसेवेत काम केलंय, घरोघरी जाऊन मोजे चढवलेत. एकदा एका बाईंकडे चल माझ्याबरोबर."

त्या बाई म्हणजे एब्बा. नवरा गेलेला, मुलगी दूर नॉर्वेत, वय ऐंशीच्या पुढे. बोटं संधिवाताने वाकलेली, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी दोघांना कॉफी दिली, लोण्याची बिस्किटं दिली आणि मारेनला आपादमस्तक न्याहाळलं.

"ग्रंथालयात दर बुधवारी नऊ वाजता सकाळची गाणी होतात," एब्बा म्हणाल्या. "तिथे मी वीस वर्षं पहिल्या रांगेत गायले. आता मोजे चढवणारी मुलगी येते कधी आठला, कधी अकराला. बिचारीचा दोष नाही, तिच्यामागे बारा घरं असतात. पाय माझे आहेत, पोरी. सकाळ नगरपालिकेची आहे."

मारेनने बिस्किट खाली ठेवलं. आतापर्यंत तिला ही स्पर्धा जिंकायची होती. त्या क्षणापासून तिला एब्बांना नऊच्या आत ग्रंथालयात पोचवायचं होतं.

एस्बेन एब्बांच्या पायांशी गुडघ्यांवर बसला. पायाला हात लावण्याआधी त्याने दोन्ही तळवे कॉफीच्या गरम कपाभोवती धरून ठेवले. हात पुरेसे ऊबदार झाल्यावरच त्याने ती कागदासारखी पातळ कातडी तपासली. मारेन बघत राहिली. असं तिला कुठल्याच वर्गात कोणी शिकवलं नव्हतं.

महिना कार्यशाळेत गेला. मारेनने प्लॅस्टिकची वाकडी पन्हळ बनवली. तिच्यावर मोजा ताणून बसवायचा, आत तंबूच्या कापडाची गुळगुळीत पिशवी घालायची, पाय सरकवायचा आणि पट्टे ओढायचे. पन्हळीला पुढून चोच होती म्हणून एब्बांनी तिचं नाव 'बदक' ठेवलं. पहिलं बदक एब्बांच्या बोटांना पेलेना. दुसऱ्याचे पट्टे निसटले.

"बोटं विसर," एस्बेन म्हणाला. "त्यांची कोपरं अजून तरुण आहेत."

मारेनने पट्ट्यांना कोपरात अडकतील असे फास केले आणि तिसरं बदक चाललं. एब्बांनी एक मोजा स्वतः चढवला आणि बराच वेळ आपल्या पायाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "दुसरा कुठाय?"

"तुझ्या डोक्यात हे येतं कुठून?" परतताना एस्बेनने विचारलं.

"तू बोलतोस त्यातून," मारेन म्हणाली, आणि एवढं खरं बोलून गेल्याबद्दल तिने सायकलचा वेग उगाच वाढवला.

अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी त्याने तिच्या हातात पोहण्याचा गॉगल ठेवला.

"हे काय?"

"उद्या तू पंचवीस वर्षांची होतेस. लग्न ठरलंय का तुझं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"ठरलंय का, ते सांग."

"नाही."

"मग गॉगल जवळ ठेव," तो म्हणाला. त्याचा चेहरा जरा जास्तच समाधानी दिसला.

तिला हसू आलं. इथे पंचविशीपर्यंत बिनलग्नाचं राहिलेल्यावर वाढदिवशी मित्रमैत्रिणी दालचिनीची पूड ओततात, हे काही नवीन नव्हतं. तिने स्वतः चौघांवर ओतली होती. "उद्या कोणाची हिंमत होणार नाही," ती म्हणाली. "सोल्विगला माहीत आहे उद्या काय आहे ते."

सोल्विग म्हणजे तिची खोलीतली मैत्रीण. तिला माहीत होतं, आणि म्हणूनच तिने एस्बेनला फोन करून विचारलं होतं, तुमचं सादरीकरण कधी आटोपतं? त्याने सांगितलं होतं, सकाळी आहे, बारापर्यंत मोकळे होऊ.

पण परीक्षकांचं काम सकाळीच रेंगाळलं आणि या दोघांची पाळी जेवणानंतरवर गेली. एस्बेन सोल्विगला कळवायला विसरला. बाराला मारेन बदक काखेत धरून पाव खायला अंगणात आली. झाडामागून पाच जण निघाले. आधी बादलीभर पाणी, मग दालचिनी. पिशव्याच्या पिशव्या दालचिनी. मारेनने कसाबसा गॉगल चढवला. बदकाला गॉगल नव्हता.

हसू ओसरल्यावर सोल्विगला तिच्या काखेतलं दिसलं. "मारेन... हे झालं नव्हतं का अजून?"

 मारेनने बदकाच्या पिशवीत हात घातला. कापड ओलं झालं होतं आणि त्यावर दालचिनीचा चिखल बसला होता. तिने ओल्या पिशवीवरून मोजा ओढून बघितला. तो चिकटला तो हलेना.

एस्बेन धावत आला. त्याने एकदा बदकाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"बाराची वेळ मीच सांगितली होती," तो म्हणाला. "वेळ बदलल्यावर कळवायचं राहिलं. माझी चूक आहे."

गॉगलच्या काचांवर तपकिरी थर होता. त्यामागे तिचे डोळे दिसत नव्हते.

"पिशवी वाळवू?" सोल्विगने विचारलं.

"वाळेल. कण जाणार नाहीत," एस्बेन म्हणाला. "एब्बांच्या कातडीला दालचिनीचा एक कणही लागता कामा नये. मोजे चढवून दाखवायला त्या आल्याच आहेत, त्यांच्या थैलीत दुसरे मोजे आहेत, पन्हळ धुता येईल. पिशवी नवी हवी. गुळगुळीत कापड."

"दुकान गावात आहे," मारेन म्हणाली. "जाऊन यायला वेळ नाही."

 एस्बेन आपल्या सायकलपाशी गेला आणि टोपलीतून काहीतरी लाल काढून आणलं. तीच मोडकी छत्री. काडी अजून वाकडीच होती.

"ही तू अजून ठेवलीस?"

"तुझ्या चाकाने मोडली," तो छत्रीकडेच बघत म्हणाला. "टाकवेना."

सोल्विगला अचानक बाकीच्यांना घेऊन लांब जावंसं वाटलं.

कार्यशाळेत एस्बेनने कोपरापर्यंत हात धुतले, पन्हळ धुतली, काड्यांवरून कापड सोडवलं. मारेन पुढे झाली तसा तो म्हणाला, "जवळ येऊ नकोस. तुझ्या अंगातून पूड गळतेय."

"मग शिवणार कोण? मशीन तुला येत नाही."

"हाताने शिवतो. टाके घालायला शिकलोय."

"माणसांना?"

"आतापर्यंत केळ्यांच्या सालींना."

ती दाराच्या चौकटीत उभी राहिली. पाणी ठिबकत होतं, सगळ्या खोलीला बेकरीसारखा वास येत होता. ती तिथून सांगत राहिली आणि तो शिवत राहिला.

"शिवण बाहेरून घे. आतून घेतलीस तर बोटांना टोचेल."

"बरं."

"टाका सरळ."

"सरळच आहे."

"वाकडा आहे. मला इथून दिसतोय."

"तुला त्या गॉगलमधून काय दिसणार?"

"जे बघायचंय ते दिसतंय," मारेन म्हणाली. सुई मध्येच थांबली. त्याने वर पाहिलं नाही, पण त्याचे कान छत्रीइतके लाल झाले. पुढचा टाका खरंच वाकडा पडला.

शेवटची गाठ मारल्यावर तो हळूच म्हणाला, "रागावली आहेस?"

"आहे. संध्याकाळपर्यंत राहीन." ती थांबली. "मग... बघू."

ती मंचावर आली तेव्हा चेहरा पुसलेला होता, बाकी सगळी तपकिरी. परीक्षकांतल्या कोणी काही विचारलं नाही. नगरपालिकेच्या घरसेवेच्या प्रमुख ग्रेथे एवढंच म्हणाल्या, "वाढदिवसाच्या शुभेच्छा. बोला."

मारेन लांबून बोलली. एस्बेनने मांडणी केली. एब्बा खुर्चीत बसल्या, फास कोपरात अडकवले आणि ओढलं. लाल कापडावरून मोजा गुडघ्यापर्यंत चढला. एब्बांनी मोज्याच्या बोटांपाशी असलेल्या फटीतून पिशवी काढून घेतली आणि परीक्षकांकडे असं बघितलं, जणू गाणं संपवून टाळ्यांची वाट बघत होत्या.

"अंघोळीनंतर पाय दमट असतो," ग्रेथे म्हणाल्या. "तेव्हा अडकेल."

मारेनने एस्बेनकडे पाहिलं. महिनाभरात हा प्रश्न दोघांना एकदाही सुचला नव्हता.

"तंबूचं कापड अडकतं," ती म्हणाली. "हे आम्हाला आज बारा वाजता कळलं. हे छत्रीचं कापड आहे. ओतून बघा पाणी."

ग्रेथेंनी खरोखरच पेल्यातलं पाणी पिशवीवर ओतलं. एब्बांनी दुसरा मोजा चढवला. तोही चढला.

पहिलं बक्षीस हृदयाचे ठोके मोजणाऱ्या जोडीला गेलं. मारेनने मनापासून टाळ्या वाजवल्या, ते काम खरोखर सुंदर होतं. सभागृह रिकामं होत असताना ग्रेथे त्यांच्यापाशी आल्या. हिवाळ्यात काही घरांत बदक वापरून बघायचं होतं, सुरुवात एब्बांपासून.

"छत्र्या लागतील," एस्बेन म्हणाला.

"त्या आमच्या शहरात कोणी वापरत नाही," ग्रेथे म्हणाल्या. "पडूनच असतील."

पुढच्या बुधवारी नऊला ग्रंथालयात कॉफीचे थर्मास मांडले होते आणि पियानो सूर धरत होता. एब्बा पहिल्या रांगेत होत्या, दोन्ही मोजे ताठ. त्यांच्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "आज लवकर सुटलीस?" एब्बा म्हणाल्या, "मीच मला सोडलं."

मारेन मागच्या रांगेत उभी होती. केस कितीदा धुतले तरी वास गेला नव्हता. एस्बेन भिजलेल्या कोटात आला आणि शेजारी उभा राहिला.

"अजून येतोय वास," तो कुजबुजला.

"माहीत आहे. हे घे." तिने पायाशी ठेवलेलं लांबट पुडकं त्याला दिलं. आत छत्री होती, लाल.

त्याने ती उलटसुलट करून पाहिली. "ओडेन्समध्ये छत्री विकत घेणारा माणूस कोण असतो?"

"पाहुणी तर मी नाही."

पुढे गाणं सुरू झालं. मागच्या रांगेतल्या या दोघांना त्याचे शब्द सापडेनात. एस्बेनने टेबलावरचा कॉफीचा कप उचलला, दोन्ही तळव्यांमध्ये धरला. प्यायला मात्र नाही. तो काय करतोय हे मारेनला कळलं. हात पुरेसे ऊबदार झाल्यावर त्याने कप ठेवला आणि तिचा गारठलेला हात हातात घेतला.

"तिशीपर्यंत लग्न नाही झालं तर काय टाकतात, माहीत आहे ना?" त्याने विचारलं.

"मिरी."

"दालचिनी मी बघितली. पण तुझ्यावर मिरी..." तो अडखळला. "ती वेळ येऊ नये असं मला वाटतं."

मारेन समोर बघत राहिली. पहिल्या रांगेत एब्बांचा आवाज सगळ्यांच्या वर चढला होता.

"मिरीला अजून पाच वर्षं आहेत," ती म्हणाली.

"हो. घाई नाही."

तिने त्याचा हात घट्ट धरला.

"तुला एवढी लागतील?"